मैत्रिणी जेवायला येणार आहेत, काय करू?

मित्रमैत्रिणींना घरी बोलावून काय खाऊ घालावं, या विषयावर मागच्या अंकात मी प्रश्न मागवले होते. पत्रांचा गठ्ठा मोठा आला. त्यातली काही आज घेतली आहेत. काही प्रश्नांना दोन ओळी पुरल्या, काहींना पान लागलं. प्रश्न तसे होते. राहिलेल्यांची उत्तरं पुढच्या अंकात नक्की.

नाशिकहून एक वाचक लिहितात: आमची भिशी बारा जणींची. माझ्याकडे भिशी असली की श्रीखंड-पुरी, बटाट्याची भाजी, भजी असा बेत ठरलेला. सगळ्या पोटभर जेवतात, कौतुक करतात. पण गप्पा बाहेर रंगतात आणि मी कढईपुढे उभी. शिवाय घरचं श्रीखंड हल्ली पातळ होतं. विकतचं आणायला मन होत नाही. काय बदलू?

पहिल्यांदा बेतातून कढई काढा. माझं याबाबतीत ठाम मत आहे: मैत्रिणी दारात आल्यावर गॅस पेटवावा लागेल असं काहीही त्या दिवशी करायचं नाही. त्या तुमच्या घरी येतात त्या तुमच्याशी बोलायला. यजमानीणच जागेवर नसेल तर हॉटेलात भेटलेलं काय वाईट?

मसालेभात करा. तोंडली, मटार, काजू घालून, ताजा गोडा मसाला, वरून ओलं खोबरं आणि कोथिंबीर. तो तासभर आधी झाला आणि झाकून ठेवला तर उलट मुरतो. सोबत टोमॅटोचं सार, काकडीची कोशिंबीर, मठ्ठा. कोथिंबीर वड्यांचे उंडे आदल्या रात्री उकडून फ्रीजमध्ये ठेवा. गार उंड्याच्या वड्या सुबक पडतात. सकाळी तव्यावर थोड्या तेलात दोन्ही बाजूंनी खरपूस करून घ्या. मसालेभात आणि श्रीखंड ही जोडी आपल्या लग्नाच्या पंगतींनी कधीच पास केलेली आहे, पुरीवाचून काही अडत नाही. पुऱ्या हव्याच असतील तर दोघी-तिघींना आत बोलवा. एक लाटेल, एक तळेल, एक नुसतीच ओट्याला टेकून बोलेल. मग तो कार्यक्रमच स्वयंपाकघरात होतो आणि तेही छान.

आता श्रीखंड. ते पातळ होण्याची कारणं दोन. एक म्हणजे चक्का पुरता निथळलेला नसतो. दुसरं, साखर घातली की ती विरघळते आणि चक्क्यातलं उरलंसुरलं पाणी ओढून घेते, त्यामुळे आधी घट्ट वाटलेलं श्रीखंड तासाभरात सैल पडतं. म्हणून चक्का तुम्हाला हवा त्यापेक्षा जास्तच घट्ट बांधायचा. बारा जणींना 3 लिटर म्हशीचं दूध घ्या. त्याचं दही रात्री लावा आणि नुकतं लागलं की लगेच धुवट मलमलच्या कापडात बांधा; दिवसभर ओट्यावर राहिलेलं दही आंबतं आणि तो आंबटपणा साखरेने झाकला जात नाही. नाशिकची थंडी असेल तर बाहेर टांगा, एरवी चाळणीवर ठेवून फ्रीजमध्ये, वर वजन. 8 ते 10 तास. साधारण किलोभर चक्का मिळेल. त्याला 750 ते 800 ग्रॅम साखर. बरोबरीने घालणारी घरं आहेत, पण मला चक्क्याची चव लागायला हवी. साखर कालवून दोन तास झाकून ठेवा, ती पुरती विरघळू द्या, आणि मगच पुरणयंत्रातून फिरवा. मिक्सरला लावू नका. चक्क्याचा दाटपणा मोडतो आणि तुमची मूळ तक्रार परत येते. केशर चमचाभर कोमट दुधात घोटून, चिमूटभर मीठ, वेलदोडा कमी, जायफळ ताजं किसून. हे सगळं आदल्या दिवशी. भिशीच्या दिवशी फक्त वाट्या भरायच्या.

डोंबिवलीहून: सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा माझ्या मैत्रिणी मागून मागून खातात. एरवी मी शिरा केला तर तशी चव येत नाही. सगळे म्हणतात, तो देवाचा म्हणून तसा लागतो. खरंच तसं असतं का?

श्रद्धेच्या जागी श्रद्धा आहेच. पण चवीचं मोठं कारण मापात आहे. प्रसादाला रवा, तूप, साखर सगळं सव्वाच्या मापाने, म्हणजे सारखंच घेतात. एरवी आपण वाटीभर रव्याला तीन-चार चमचे तुपात भागवतो आणि निम्मं दूध, निम्मं पाणी घालतो. मग त्याने प्रसादासारखं कसं लागावं?

मैत्रिणींसाठी करताना हात आखडू नका. सव्वा वाटी रवा, सव्वा वाटी साजूक तूप, सव्वा वाटी साखर, अडीच ते तीन वाट्या दूध, दोन पिकलेली केळी. रवा तुपात मंद आचेवर भाजा. सुरुवातीला तो जड असतो, ढवळायला जोर लागतो. पुरता भाजला की कालथा सहज फिरायला लागतो आणि कडेने तूप सुटलेलं दिसतं. रंग बदामी व्हायच्या जरा आधीच केळ्याच्या चकत्या त्यातच परता. केळं तुपात परतलं गेलं की जो वास सुटतो, तोच प्रसादाचा वास. दूध उकळतं घाला, झाकण ठेवा, रवा पूर्ण फुलू द्या आणि साखर त्यानंतर. साखर आधी घातली तर रवा फुलायचा थांबतो आणि कचकच राहते. हा शिरा गार झाला तरी मऊ राहतो, म्हणून डब्यातून न्यायलाही उत्तम.

ठाण्याहून: माझ्या जिवलग मैत्रिणीची आई गेल्या महिन्यात गेली. आम्ही पाचवीपासून एकत्र. त्यांच्या हातच्या सांज्याच्या पोळ्या मी लहानपणापासून खाल्ल्या आहेत. मैत्रीण हल्ली नीट जेवत नाही असं तिचा नवरा म्हणाला. मी सांज्याच्या पोळ्या करून नेऊ का? की तिला त्रास होईल?

तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. पोळ्या आत्ता नेऊ नका, असं मला वाटतं.

आपल्याकडे घरात माणूस गेलं की त्या दिवशी चूल पेटत नाही आणि शेजारपाजारचे पिठलं-भात आणून देतात. या रीतीत फार मोठं शहाणपण आहे. पिठलं-भात म्हणजे कुणालाही गिळता येईल, चावायला श्रम नाहीत, कौतुक करायची गरज नाही, आणि वाढणाऱ्यालाही आग्रह करावा लागत नाही. दुःखातल्या माणसाला असंच अन्न लागतं. दहा-बारा दिवस घर माणसांनी भरलेलं असतं, कुणी ना कुणी पानावर बसवतं. तेरावा-चौदावा दिवस झाला, गोडाचं जेवण झालं, की सगळे आपापल्या गावी जातात. खरी उपासमार तिथून सुरू होते. तुमची मैत्रीण आत्ता तिथे आहे.

तिच्यासाठी गुरगुट्या भात न्या. आंबेमोहोर किंवा इंद्रायणी, एक वाटीला पाच वाट्या पाणी, थोडं मीठ, कुकरमध्ये मंद आचेवर, आणि मग पळीने घोटलेला. त्यावर मेतकूट आणि तूप. लिंबाच्या लोणच्याची एखादी फोड. मेतकूट घरचं असेल तर फारच चांगलं: हरभऱ्याची डाळ वाटीभर, उडदाची अर्धी, तांदूळ पाव वाटी, चमचा-दोन चमचे गहू, सगळं वेगवेगळं, मंद आचेवर तांबूस भाजायचं; धने-जिरे, मेथीचे मोजके दाणे, सुकी मिरची, सुंठ, हळद आणि हिंग घालून बारीक दळायचं. बरणी तिच्याकडेच ठेवून या. भात लावायचं बळ नसेल त्या दिवशी ताकात कालवूनही ते पोटात जातं.

डबा देऊन लगेच निघू नका. तिच्या स्वयंपाकघरात ताट घ्या, दोघींसाठी वाढा आणि तिच्यासोबत जेवा. एकटीने जेवणं हेच तिला जड जातंय, असं मला तुमच्या पत्रावरून दिसतं. ती चार घास खाऊन थांबली तर थांबू द्या. ‘खा गं थोडं’ हे वाक्य त्या घरात आता पुष्कळ जणांनी म्हटलेलं असणार.

आणि सांज्याच्या पोळ्या? काही महिन्यांनी एखाद्या रविवारी तिलाच म्हणा, ‘काकूंसारखा सांजा आपण करून बघू या का?’ करून नेलेली पोळी तिच्या आईच्या पोळीशी ताडली जाणार, आणि ती कितीही चांगली झाली तरी कमीच ठरणार. तेच तिच्या ओट्यावर, तिच्या आईच्या परातीत, दोघींनी मिळून केलं तर तिला सांगायला खूप काही सापडेल: आई रवा किती भाजायची, गुळाच्या पाण्याला उकळी आल्यावरच रवा कसा सोडायची, सांजा मुरायला तासभर कसा झाकून ठेवायची, कणीक किती सैल भिजवायची. तिला बोलायला लावणारं ते काम आहे. पोळ्या फुटल्या तरी हरकत नाही.

पुण्याहून एक विद्यार्थी: आम्ही चौघे फ्लॅटवर राहतो. मी चिपळूणचा, बाकीचे नागपूर, लातूर आणि धुळ्याचे. एकच शेगडी आहे, कुकर आहे, मिक्सर आहे. मेसच्या जेवणाचा कंटाळा आलाय. रविवारी एकत्र काहीतरी घरच्यासारखं करावंसं वाटतं. सोपं आणि स्वस्त सांगा. शेवटी गोडही हवं.

तुला ‘तू’ म्हणते, चालेल ना? अरे, तुम्ही चार गावचे चौघे आहात, म्हणजे तुमच्याकडे चार पिठली आहेत! दर रविवारी एकाच्या घरचं. तुझं कुळथाचं: आमसूल, लसूण आणि वरून ओलं खोबरं. नागपूरवाल्याला झुणका येत असेल; नसेल तर आईला फोन लावू दे, तिला बरं वाटेल. लातूरकर शेंगदाण्याचं कूट आणि हिरव्या मिरचीचा ठेचा जमवेल, धुळेकर आपल्या घरचा काळा मसाला मागवून घेईल. ज्याचा रविवार, त्याच्या हातात पळी. बाकीच्यांनी कांदे चिरायचे आणि भांडी घासायची.

बेसनाचं साधं पिठलं असं: वाटीभर बेसन तीन वाट्या गार पाण्यात आधी नीट कालवून घे, गुठळी राहता कामा नये. तेलात मोहरी, जिरं, हिंग, ठेचलेला लसूण, मिरची, कढीपत्ता, भरपूर कांदा, मग हळद. कांदा मऊ झाला की पीठ ओत आणि दाट होईपर्यंत हात थांबवू नकोस. मग झाकण ठेवून मंद आचेवर सात-आठ मिनिटं. इथेच मुलं घाई करतात आणि पिठलं कच्चं लागतं. भाकरी पोळी-भाजी केंद्रातून आणा. ती थापायला शिकणं हे वेगळं प्रकरण आहे, त्यावर कधीतरी सविस्तर लिहीन. कुकरमध्ये भात.

गोडाला शेंगदाण्याचे लाडू. दोन वाट्या खमंग भाजलेले, सालं काढलेले दाणे आणि एक वाटी चिरलेला गूळ. आधी दाणे थोडे फिरव, मग गूळ घालून पुन्हा. मिक्सरमध्ये दाण्याचं तेल सुटतं आणि त्यावरच लाडू वळतो, तूप लागत नाही. आठवडाभर टिकतील असं म्हणाले असते, पण चौघांच्या फ्लॅटवर ते सोमवारपर्यंतही उरायचे नाहीत. दुप्पट करा.

छत्रपती संभाजीनगरहून: आम्ही चौघी मैत्रिणी दर महिन्याला भेटतो. एकीला मधुमेह आहे. तिच्यासाठी साखरेऐवजी गूळ-खजुराचे लाडू केले तर चालतील ना?

नाही. गूळही मुख्यतः साखरच आहे आणि खजुरातही भरपूर साखर असते. ‘गुळाचं आहे गं, खा’ म्हणून आपण प्रेमाने तिची साखर वाढवतो. तिने किती आणि काय खावं हे तिचे डॉक्टर ठरवतील. तुम्ही एवढं करा: भेटीचा मुख्य पदार्थ गोड ठेवूच नका. थालीपीठ आणि लोण्याचा गोळा, मुगाची धिरडी, उकडलेल्या शेंगा, मटकीची उसळ असं काहीतरी सगळ्यांनाच सारखं वाढा. तिच्यासाठी वेगळी वाटी काढली की ती आजारी ठरते. आणि गोड केलंच तर आग्रह करायचा नाही, हे तिघींनी आपसात आधीच ठरवून ठेवा.

कोल्हापूरहून: कॉलेजच्या आम्ही सहा जणी श्रावणात माझ्या घरी दोन दिवस राहायला येणार आहोत. एकीला दूध अजिबात सोसत नाही. सगळ्यांनी मिळून करता येईल असं, रोज न होणारं गोड सुचवा. मला वेळ भरपूर आहे, कष्टाची तयारी आहे.

तुमच्या पत्राने मला फार आनंद झाला, कारण याचं उत्तर माझ्या माहेरचं आहे. माहेर सावंतवाडीजवळचं, सासर सांगलीचं. दुधाशिवायचं गोड म्हटलं की माझं मन आपोआप घाट उतरतं. नारळाच्या दुधात आणि गुळात कोकणाने जेवढी गोडाधोडाची कामं केली आहेत, तेवढी क्वचितच कुणी केली असतील. तुम्ही शिरवळे करा.

शिरवळे म्हणजे तांदळाच्या उकडलेल्या पिठाच्या शेवया, गोड रसात. एकटीने करायचा हा पदार्थच नाही. आमच्याकडे त्याला लाकडी साचा असतो, त्याच्या दांड्यावर एकीने पूर्ण भार द्यायचा, दुसरीने गरम गोळे साच्यात भरायचे, तिसरीने खाली ताटली धरून ती गोल फिरवत शेवया झेलायच्या. गोळा गरम असतानाच दाबावा लागतो, निवला की दांडा हलत नाही. त्यामुळे सगळ्याजणी एकाच जागी, एकाच घाईत. साचा मिळाला नाही तर चकलीचा पितळी सोऱ्या घ्या, त्यात बारीक शेवेची जाळी बसवा. जोर लागेल, पण तुम्ही सहा जणी आहात.

4 वाट्या तांदळाचं पीठ घ्या, धुऊन वाळवून दळलेलं. मोदकाला काढतो तशी उकड काढा: जेवढं पीठ तेवढंच पाणी, मीठ, चमचाभर तेल. गरम असतानाच पाण्याचा हात लावून मळा आणि मुठीएवढे लांबट गोळे करा. हे गोळे पुन्हा उकळत्या पाण्यात सोडायचे, 15-20 मिनिटं. ते वर तरंगायला लागतात, पण तेवढ्यावर काढायची घाई नको. एक गोळा मोडून बघा, आत कोरडं पीठ दिसता कामा नये. पाण्यातून काढला की थेट साच्यात.

रसाला तीन नारळ. खवून, कोमट पाणी घालून वाटा आणि पिळून पहिलं दाट दूध वेगळं ठेवा. चोथ्यात पुन्हा पाणी घालून दुसरं पातळ दूध काढा. पाव किलोपेक्षा थोडा जास्त गूळ या पातळ दुधात विरघळवायचा, गाळून घ्यायचा, आणि निवल्यावर त्यात दाट दूध मिसळायचं. वेलदोडा, किंचित मीठ. रस उकळायचा नाही, फुटतो. कोल्हापूरचा पिवळा गूळ चालेलच. रंग जरा फिका येईल, चव छान येईल.

वाढताना शेवया वेगळ्या, रस वेगळा. ज्याला जेवढा हवा तेवढा रस ओतून घ्यायचा. आधीच कालवून ठेवलं तर शेवया रस पिऊन टाकतात.

दुसऱ्या दिवशी पातोळ्या. तांदूळ तीन-चार तास भिजवून, चवीला मीठ घालून दाटसर वाटायचे. हळदीच्या धुतलेल्या पानावर ते वाटण पातळ पसरायचं, एका बाजूला ओलं खोबरं आणि गुळाचं सारण, पान लांबीत मिटायचं आणि मोदकपात्रात पंधरा मिनिटं. नागपंचमीला आणि गणपतीत आमच्याकडे होतात. गोव्यातली ख्रिस्ती घरंही 15 ऑगस्टला, मेरीमातेच्या सणाला, याच पातोळ्या करतात. एकच पान, एकच वास, दोन्हींच्या देवघरांत.

पानांची काळजी करू नका. हळदीच्या शेतांच्या भागातच राहतो आपण! सांगलीला लग्न होऊन आले तेव्हा इथल्या बाजारात पोत्यांनी हळद बघितली, आणि श्रावणात शेतं हातभर लांब पानांनी भरलेली. आमच्या ओळखीच्या शेतकऱ्याकडे पानं मागितली तर त्याला नवल वाटलं, ‘पानं कशाला हो वहिनी?’ त्याच्या घरी मी पातोळ्या पाठवल्या. तेव्हापासून पावसाळ्यात पानांची जुडी आपणहून घरी येते. तुमच्याही आसपास कुणाचं हळदीचं रान असेल, विचारून बघा. कोवळी पानं घेऊ नका, फाटतात. जून पानही नको, मिटत नाही. मधल्या वयाचं, तळहातापेक्षा रुंद पान घ्या. आणि पातोळी पाच मिनिटं निवल्यावरच पान सोडवा, नाहीतर वरचं आवरण पानाला चिकटून येतं. दूध न सोसणाऱ्या तुमच्या मैत्रिणीला या दोन दिवसांत काहीही वेगळं करून वाढावं लागणार नाही. साजूक तूप मात्र विचारून घाला.

टोरांटोहून: ऑफिसातल्या मित्रमैत्रिणींना घरी जेवायला बोलावलं आहे. वेगवेगळ्या देशांचे आहेत. आपलं एक गोड खिलवायचं आहे. पुरणपोळी करू की श्रीखंड?

श्रीखंड. तिकडे मिळणारं ग्रीक योगर्ट आधीच निथळलेलं असतं. पूर्ण स्निग्धांशाचं, बिनसाखरेचं घ्या आणि फ्रीजमध्ये आणखी चार-पाच तास बांधून ठेवा. साखर नाशिकच्या उत्तरात दिली आहे त्यापेक्षा थोडी कमी. लहान वाट्यांत वाढा, वर पिस्ते. पुरणपोळी तव्यावरून ताटात पडावी लागते आणि तुम्ही टेबलाशी असायला हव्यात. ती दोघा-तिघांना बोलवाल तेव्हा, स्वयंपाकघरात उभ्याउभ्या, तूप घालून खायला द्या.

सोलापूरहून एक काका: वय 71. पत्नी दोन वर्षांपूर्वी गेली. रोज सकाळी फिरायला जाणारे आम्ही पंधरा जण. दरवर्षी कोजागरीला कुणा एकाच्या गच्चीवर जमतो. इतकी वर्षं आमच्याकडे असायचं तेव्हा सगळं ती करायची. यंदा माझ्या गच्चीवर करावं असं मनात आहे, पण मला चहापलीकडे काही येत नाही. विकतचं आणू का?

काका, आणू नका. मसाला दूध तुम्हाला नक्की जमेल. चहा येतो म्हणजे दूध उतू जाऊ न देणं येतं, आणि या कामात अर्धं कौशल्य तेच आहे. कोजागरीला अजून अवकाश आहे, तेव्हा एकदा लिटरभराचं करून बघा आणि फिरायला जाणाऱ्यांपैकी दोघांना चाखायला बोलवा.

पंधरा जणांना 4 लिटर म्हशीचं दूध. पातेलं जाड बुडाचं आणि मोठं, सहा-सात लिटरचं; घरात नसेल तर शेजारी मागा. दूध ओतण्याआधी पातेलं आतून पाण्याने ओलं करून घ्या, म्हणजे दूध तळाला कमी धरतं. पहिली उकळी येईपर्यंत जवळून हलायचं नाही. नंतर आच मंद करा आणि दर दोन-चार मिनिटांनी कालथा तळाला घासून फिरवा, साय कडेची ओढून आत घ्या. 4 लिटरचं सुमारे 3 लिटर झालं की पुरे. त्याला पाऊण ते एक तास, कधी थोडा जास्त लागतो. खुर्ची घेऊन बसा. बासुंदीसारखं दाट करू नका, ते पेल्याने प्यायचं आहे.

मसाला सकाळीच करून ठेवा. वाटीभर बदाम, वाटीभर काजू, अर्धी वाटी पिस्ते, दहा-बारा वेलदोड्यांचे दाणे.  थांबत थांबत फिरवा, रव्याइतकं जाडसर राहू द्या. केशराच्या काड्या थोड्या कोमट दुधात भिजवा. दूध आटलं की आधी हा मसाला आणि केशर, दोन उकळ्या, मग गॅस बंद. जायफळ त्यानंतर किसायचं, पाव जायफळ भरपूर झालं.

साखर घालण्याआधी एक काम. तुमच्या वयाच्या पंधरा जणांत काहींना साखर वर्ज्य असणार. त्यांचं दूध आधी वेगळ्या भांड्यात काढून ठेवा आणि उरलेल्यात साखर घाला. 3 लिटरला पाव किलो. जास्त लागली तर वरून घालता येते.

बाकी सगळं वाटून द्या. एकाने भडंग आणायचं, एकाने भाजलेले शेंगदाणे, सोलापूरची शेंगा-चटणी आणि कडक भाकरी कुणीतरी आणेलच. पेले स्टीलचेच ठेवा, कागदी कपात हे दूध बेचव लागतं. आणि ते मोठं पातेलं गच्चीवर एकट्याने नेऊ नका. दूध घरातच दोन किटल्यांमध्ये ओता, एक तुमच्या हातात आणि एक वर येणाऱ्या पहिल्या मित्राच्या हातात.